मातीबाईंचा शब्द आणि जमिनीचा भाव

मातीबाई माती खातात, अशी सगळ्या तालुक्यात बोलवा होती. बोलवा खोटी होती, पण तिचा उगम खरा होता. पंचवीसेक वर्षांपूर्वी बाई प्रयोगशाळेच्या मधल्या खोलीत माती चाळत बसल्या होत्या. अचानक शिंक आली, शिंकेआधी तोंड उघडलं आणि चाळणीवरची धूळ सरळ जिभेवर जाऊन बसली. दारात एक शेतकरी अहवाल न्यायला येऊन उभा होता. बाईंनी डोळे मिटून तोंड वेडंवाकडं केलं, चूळ भरली आणि त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "चुनखडी जास्त आहे हो तुमच्या शेतात." हे त्यांना आदल्या दिवशीच्या तपासणीतून कळलं होतं. पण त्या माणसाने जे पाहिलं ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या गावात आणि आठवड्याभरात तालुक्यात झालं, की कृषी कार्यालयातल्या बाई चिमूटभर माती जिभेवर ठेवतात आणि जमिनीची कुंडली सांगतात.

दोनेक वर्षं बाईंनी नाकारून पाहिलं. पण "नाही हो, मी चाखत नाही" म्हटलं, की समोरचा "कळलं, कळलं" असं डोळ्यांनीच म्हणायचा. शेवटी त्यांनी नाद सोडला. मातीबाई हे नाव पडलं ते पडलंच. दूधवाला, पोस्टमन, बँकेतला शिपाई, सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारायचे. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं आणि ते वाचताना कधीकधी त्या स्वतःच क्षणभर थबकायच्या.

कार्यालयाच्या मागच्या अंगाला, बियाण्यांच्या गोदामाला पाठ लावून त्यांच्या तीन खोल्या होत्या. पहिल्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून त्यांवर मातीचे छोटे छोटे ढीग सुकायला ठेवलेले असत. या खोलीत भर उन्हाळ्यातही पंखा लावायचा नाही, हा बाईंचा दंडक होता. एकदा एका नव्या साहेबांनी उकडतंय म्हणून बटण दाबलं आणि चाळीस शेतकऱ्यांच्या जमिनी एका झटक्यात एक झाल्या. कोर्टकचेऱ्या करून भावाभावांनी जे बांध घातले होते ते पंख्याने अर्ध्या मिनिटात काढून टाकले. मधल्या खोलीत लाकडी खलबत्ता आणि चाळण्या. तिसऱ्या खोलीत बाटल्या, तराजू आणि नमुने हलवणारं एक यंत्र. ते चालू झालं की कपाटाची दारंसुद्धा दात वाजवायची.

नमुना कसा आणायचा हे बाई घसा कोरडा होईपर्यंत सांगायच्या. आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डा घ्या, सगळी माती एकत्र करा, झाडाखालची नको, बांधाजवळची नको, उकिरड्याजवळची तर नकोच नको. लोक मान डोलवायचे आणि नेमकी उकिरड्याजवळची घेऊन यायचे. आपल्या जमिनीचा निकाल चांगला लागावा असं कुणाला वाटत नाही? एकाने शेजाऱ्याची माती आणली. आणखी एकाकडे जमिनीचं गिऱ्हाईक यायचं होतं, म्हणून त्याने शहरातून कुंडीत भरायची तयार माती विकत आणून पिशवीत घातली. बाईंनी पिशवीत दोन बोटं घातली, चोळली आणि विचारलं, "कुंडी किती एकराची आहे तुमची?"

या असल्या खोडीमुळेच त्यांच्या अहवालाला वजन आलं होतं. तालुका छोटा, कारखाना नाही, खाण नाही. जे काही आहे ते जमिनीवर आणि जमिनीच्या भावावर. लग्नाच्या बोलणीत, वाटणीच्या भांडणात, चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, कुठेही दोन माणसं जमली की तिसरं वाक्य जमिनीच्या भावाचं असायचं. आणि भाव कशावर ठरायचा? पाणी, रस्ता आणि मातीबाईंचा कागद. दलाल तो कागद प्लास्टिकमध्ये घालून खिशात बाळगायचे.

गंमत अशी, की ज्या बाईंच्या सहीने एकराचा भाव वर-खाली व्हायचा त्यांच्या स्वतःच्या नावावर हातरुमालाएवढीही जमीन नव्हती. शिंप्याच्या पोटी जन्म, बालपण दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत, लग्न झालं तेही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. एक मजला तेवढी प्रगती. गॅलरीत तेलाचे सात रिकामे डबे होते. तपासून उरलेल्या नमुन्यांची माती बाई घरी आणायच्या आणि त्या डब्यांत टाकायच्या. तीस वर्षांत निम्म्या तालुक्याची जमीन चिमूट-चिमूट करून त्यांच्या गॅलरीत येऊन राहिली होती. त्यात मिरची, पुदिना आणि एक हट्टी लिंबाचं रोप होतं. ते रोप फुलायचं, पण फळ धरत नव्हतं.

बाईंचे यजमान लोकांना गाडी शिकवायचे. शांत, हसतमुख माणूस. शिकवण्याच्या गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि इतकी वर्षं तो दाबून दाबून त्यांना एक सवय लागली होती. घरी खुर्चीत बसलेले असले आणि कुणी काही धोक्याचं बोललं, की त्यांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला जायचा. बाई बोलता बोलता नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता पायाकडे बघायच्या. त्यांना उत्तर तिथेच मिळायचं.

निवृत्तीला आठ महिने उरले होते, तेव्हा स्टेशनमास्तर प्रयोगशाळेत आले. ते केव्हाच निवृत्त झालेले, पण हाक अजून तीच. टेकडीमागे त्यांच्या मामांची अडीच एकर जमीन त्यांच्याकडे आली होती. त्यांनी ती अकरा वर्षं नांगरली नाही, पेरली नाही, कुणाला करायलाही दिली नाही. आता ते मुलीकडे राहायला जाणार होते, म्हणून विकायची होती. त्यांनी आणलेला नमुना बघून बाईंना गहिवरून आलं. सोबत शेताचा नकाशा, त्यावर दहा खड्ड्यांचे दहा क्रमांक, प्रत्येकाची खोली आणि खड्डा किती वाजता घेतला त्याची वेळसुद्धा. तीस वर्षांत सांगितल्याप्रमाणे नमुना आणणारा हा पहिला माणूस.

बाईंनी तपासणी केली. मग पुन्हा केली. मग बाटल्या धुऊन तिसऱ्यांदा केली. सेंद्रिय कर्ब, म्हणजे मातीतला जिवंतपणा ज्यावरून कळतो तो आकडा, असा आला होता की आधी त्यांना यंत्रावरच संशय आला. पण आकडा तिन्ही वेळा तोच.

रविवारी त्या बसने गेल्या, टेकडीला वळसा घालून चालत पोचल्या. गुडघाभर गवत. पिशवीतून खुरपं काढून एका जागी खोचलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं. माती वर आली ती चहाच्या पत्तीसारखी काळीभोर आणि मोकळी, तिच्यात दोन गलेलठ्ठ गांडुळं भर दिवसा उघडं केल्याबद्दल रागावल्यासारखी वळवळत होती. बाई तिथेच बसल्या. साडीला माती लागली, त्याची त्यांना पर्वा नव्हती. आजवर त्यांनी हजारो शेतं पिशवीतून पाहिली होती. ही माती मात्र त्यांच्या खाली होती, चहूबाजूंना होती आणि तिच्यावर लेबल नव्हतं. इथे कांदे लावावेत, वाटाणे लावावेत, त्या कोपऱ्यात लिंबू, असं मनात चालू झालं आणि थांबेचना.

तिथूनच त्या स्टेशनमास्तरांच्या घरी गेल्या आणि अहवाल त्यांच्या हातात ठेवून भाव विचारला. त्यांनी सांगितलेला भाव रास्त होता. निवृत्तीनंतर फंड हातात येईल त्यात बसणारा, वर थोडं उरणाराही. बाईंनी घरी विचारायला आठ दिवस मागितले. स्टेशनमास्तरांनी भिंतीवरचं घड्याळ बघून वहीत लिहिलं: पुढचा रविवार, अकरा वाजता.

घरी बाईंनी सगळं सांगितलं. बोलताना त्या फरशीकडे बघत होत्या. पाय दाबला गेला नाही. यजमान एवढंच म्हणाले, की कांदे लावायचे तर कंबर कुणाची वाकणार ते आधी ठरवू. म्हणजे होकारच होता.

आणि मंगळवारी बाईंच्या तोंडून एक वाक्य निसटलं.

कार्यालयासमोरच्या टपरीवर त्या रोज चहा प्यायला जायच्या. शेजारीच बियाण्यांचं दुकान होतं. त्याचे मालक, सगळे त्यांना बियाणेशेठ म्हणत, रोज त्याच वेळी बाहेर यायचे. त्यांनी सहज विचारलं, की बाई आज स्वारी खूश दिसते, काय विशेष? बाईंनी जमिनीचं नाव घेतलं नाही, गावाचं घेतलं नाही. चहाचा घोट घेतला आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "टेकडीमागे अशी माती आहे, तीस वर्षांत मी तशी पाहिली नाही."

म्हणजे गावाचं नाव घेतलं नाही, पण टेकडी तालुक्यात एकच होती.

बियाणेशेठनी ते दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना सांगितलं, तेही कौतुकानेच. दुपारी ते दोनफोन्याच्या कानावर गेलं. दोनफोन्या हा तालुक्यातला सगळ्यात धावपळ्या जमीनदलाल. दोन्ही कानांना दोन फोन, एका फोनवर घेणारा, दुसऱ्यावर विकणारा आणि मध्ये तो. बुधवारी त्याने स्टेशनमास्तरांचं दार वाजवलं. गुरुवारी दुसरे दोन दलाल येऊन गेले. शुक्रवारी टेकडीमागच्या जमिनीचा भाव दुप्पट झाला होता, आणि एका स्टेशनमास्तरांच्याच नाही, तर आजूबाजूच्या माळरानाचाही. जिथे आजवर फक्त शेळ्या चरायला जायच्या, तिथे लोक टेप घेऊन फिरू लागले. शेळ्यांचा मालक तर इतका बावचळला, की त्याने शेळ्या घरीच बांधून ठेवल्या. न जाणो, त्यांनी काही किमती खाल्लं तर?

कारण तोवर नुसत्या चांगल्या मातीवर कुणी थांबलं नव्हतं. मातीबाईंनी तीस वर्षांत पाहिली नाही म्हणजे मातीत काहीतरी असलं पाहिजे. काय असेल? मोबाइलच्या बॅटरीत घालतात तो धातू असेल. कुणीतरी म्हणालं, की असेल. दुसऱ्याने ऐकलं, की आहे. तिसऱ्याला तर बाईंनी चव घेतल्यावर जीभ झिणझिणल्याचंही कळलं होतं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. आपल्याच जिभेपायी आपलीच जमीन आपल्या हातची चालली होती. शनिवारी सकाळी त्या टपरीवर गेल्या आणि त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. पुरेशा मोठ्या आवाजात त्या बियाणेशेठना म्हणाल्या, की टेकडीमागची माती वरवरची आहे, हातभर खाली नुसता खडक, पावसात पाणी तुंबतं, परवाचं मी जरा घाईत बोलले. सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चहावाल्याने दूध ओतता ओतता हात थांबवला.

बाई रस्ता ओलांडून कार्यालयाच्या फाटकात पोचायच्या आत भाव आणखी चढला. वरून दाब आला म्हणून बाईंना बोलणं फिरवावं लागलं, असं टपरीचं एकमत झालं. एवढ्या घाईने लपवतात म्हणजे धातू साधासुधा नसणार.

दुपारी साहेबांनी बोलावून घेतलं. त्यांना जिल्ह्यावरून फोन आला होता, की तुमच्या प्रयोगशाळेने खनिज शोधून ते कळवलं कसं नाही. साहेब बिचारे नवीन होते, त्यांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी तिथल्या तिथे लिहून दिला. त्यात दोनच ओळी होत्या: "सदर माती उत्तम आहे. वनस्पतींसाठी." साहेबांनी कागद उलटून मागेही पाहिलं.

संध्याकाळी घरी बाईंनी सगळा प्रकार सांगितला. यजमान आधी खूप हसले. धातू, शेळ्या, साहेब, सगळ्याला हसले. मग आपण टपरीवर सकाळी काय बोललो ते बाईंनी सांगितलं आणि त्यांचं हसू थांबलं. यावेळी पाय हलला नाही. ते नुसते म्हणाले, "म्हणजे तू मातीबद्दल खोटं बोललीस."

बाई उठून गॅलरीत गेल्या, डब्यांना पाणी घालत राहिल्या. एका डब्याला दोनदा घातलं. उकिरड्याची माती आणणाऱ्याला, शेजाऱ्याची आणणाऱ्याला त्या सगळ्यांसमोर टोचून बोलायच्या. आज त्यांनी तरी वेगळं काय केलं होतं? चांगल्याला वाईट म्हटलं, तेही भाव पडावा म्हणून.

रविवारी बरोबर अकराला त्या स्टेशनमास्तरांकडे पोचल्या. बाहेर दोनफोन्याची गाडी उभी होती, तो आत बैठकीत बसला होता. त्याच्या देखत बोलायची बाईंना लाज वाटली नाही असं नाही, पण त्या बोलल्या. आपण आधी काय म्हणालो, मग काय म्हणालो, का म्हणालो, सगळं. आपल्याला ती जमीन हवी होती हेही. शेवटी म्हणाल्या, की खडक नाही, पाणी तुंबत नाही, धातूही नाही. अहवालात लिहिलंय तेवढंच खरं.

स्टेशनमास्तरांनी मधे न बोलता ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "बाई, तुमचा अहवाल माझ्याकडे आहे. टपरीवर काय बोललं जातं ते मी वाचत नाही."

बाईंना एकदम हलकं वाटलं. पण स्टेशनमास्तर सरळ माणूस होते आणि सरळपणाने त्यांनी पुढचंही सांगितलं. मुलीचं घर लहान आहे, त्यावर एक खोली चढवायची आहे. आलेला भाव सोडणं त्यांना परवडणारं नाही. तुम्ही मागितलेल्या वेळेपर्यंत मी थांबलो, आता तुम्ही तेवढे देऊ शकत असाल तर जमीन तुमची. बाई नाही म्हणाल्या. दोनफोन्या इतका वेळ दोन्ही फोन मांडीवर उलटे ठेवून बसला होता. धातू नाही हे त्याने ऐकलं होतं, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की त्याने ते ऐकून आणखी एकर-दोन एकर घ्यायचं ठरवलंय. जमीन त्याने घेतली.

पुढे काही दिवस बाई घुम्यासारख्या होत्या. नमुने येत होते, त्या चाळत होत्या, लिहीत होत्या. मात्र टपरीवर जाणं बंद. चहा आतच मागवायच्या. एका जेवणाच्या वेळी त्या यजमानांना म्हणाल्या, की आता तशी माती मिळायची नाही आणि मिळाली तरी मी बघितली की महाग होणार.

यजमान घास घेता घेता थांबले. "पण चांगल्या मातीला तुझी गरजच काय?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"अगं, ज्याला गाडी येते तो माझ्याकडे कशाला येईल? माझ्याकडे येतात ते भिंतीवर घालणारे."

बोलणं विनोदाचं होतं, पण बाईंचा घास हातातच राहिला. त्यांना एक जुनी पिशवी आठवली. नऊ वर्षांपूर्वीची. त्या नमुन्यावर नाव नव्हतं, आणणाऱ्याने हळूच कपाटाआडून दिला होता आणि अहवाल कुणाला दाखवू नका म्हणून विनवलं होतं. आणणारे होते बियाणेशेठ. कालव्याखाली त्यांची दोन एकर जमीन होती, शुद्ध चोपण. सोड्यासारखे क्षार साचून बिघडलेल्या जमिनीला चोपण म्हणतात. वाळली की दगड, भिजली की साबण, मधली अवस्था नाही. तिथे काही म्हणजे काही उगवत नव्हतं. आता बियाण्यांच्या दुकानदाराच्या शेतात बी उगवत नाही हे बाहेर फुटलं तर दुकानाचं काय व्हायचं? म्हणून शेठनी ती जमीन नातेवाइकांपासूनसुद्धा लपवून ठेवली होती. बाईंनीही नऊ वर्षांत चकार शब्द काढला नव्हता.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी बाई दुकानात गेल्या आणि ती जमीन मागितली. बियाणेशेठ आधी दचकले, इकडेतिकडे बघितलं, मग त्यांना आतल्या पोत्यांमागे घेऊन गेले. टपरीवरच्या त्या प्रकरणापासून त्यांना बाईंच्या नजरेला नजर देणं जड जात होतं.

"बाई, काय घेताय ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"तुमच्यापेक्षा जास्त माहीत आहे."

शेठनी असा भाव लावला की बाईंनाच तो थोडा वाढवून द्यावासा वाटला. कागद झाले. बाईंच्या नावावर जमीन लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी.

आता पुढे काय झालं असेल ते सांगायला नको, पण झालंच ते. मातीबाईंनी फंडातून चोपण घेतली, ही बातमी टपरीवर सकाळी दहाला पोचली आणि चार वाजेपर्यंत कालव्याखालच्या सगळ्या पांढऱ्याफटक जमिनींना भाव आला. वर्षानुवर्षं पडून असलेल्या त्या पट्ट्याचे मालक मुंडासं, टोपी, जे असेल ते सावरत आपापले बांध शोधायला निघाले. निवृत्त झालेली बाई आपली आयुष्याची पुंजी उगाच मिठात घालेल का? काहीतरी आहे. या वेळी बाईंना वाटेत जो भेटला त्याला त्यांनी खरं तेच सांगितलं: चोपण आहे, काही उगवत नाही, मला सुधारून बघायची आहे. ऐकणारा समजूतदारपणे हसायचा. बियाणेशेठच्या घरात तर वादळ झालं. सोन्याची जमीन मातीमोल भावात घालवली म्हणून त्यांच्या बायकोने पंधरा दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. शेठ टपरीवर हळूच म्हणाले, की इतकी शांतता दुकानातही नसते.

कागद होऊन दोन आठवडे झाले असतील. बाई कालव्याखाली चर खणायच्या माणसांशी बोलत उभ्या होत्या आणि दोनफोन्याची गाडी येऊन थांबली. तो उतरला. हातात एकच फोन होता, दुसरा त्याने विकला होता. टेकडीमागची माती त्याने शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत दिली होती, महिनोन्‌महिने वाट पाहिली होती आणि अखेर उत्तर आलं होतं. धातू नाही. काहीच नाही. नुसती माती. ती बातमी फुटताच गिऱ्हाइकं अशी पळाली, की आता टेकडीमागे फुकट फिरायलाही कुणी तयार नव्हतं. टपरीवर तर असं झालं होतं, की ती जमीनच खोटी.

"बाई, तुम्ही घ्या," तो म्हणाला. "स्टेशनमास्तरांनी तुम्हाला पहिल्यांदा सांगितला होता तोच भाव. तुम्ही म्हणाल तर त्याच्यातही कमी."

बाईंनी पायाखाली बघितलं. पांढरा पापुद्रा, भेगा, एका भेगेत सुकलेली गोगलगाय. जमीन स्वस्त पडली होती, पण उरलेला फंड चर खणायला आणि जमीन सुधारायच्या सामानाला बांधला गेला होता, त्यांच्याकडे आता तेवढे पैसे नव्हते. दोन आठवडे थांबल्या असत्या तर होते. त्या क्षणी त्यांना काय वाटलं, हसावं की रडावं, हे त्यांनाच कळलं नाही. त्या म्हणाल्या, की जमीन उत्तम आहे, अहवाल पहिल्या दिवशी होता तोच आजही आहे, ज्याला पिकवायचंय त्याला विका. एक दूधवाला चाऱ्यासाठी जमीन शोधत होता, त्याचा पत्ता त्यांनी दोनफोन्याला दिला. त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. यजमानांनीही आग्रह केला नाही, ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या. आधी खारं पाणी निघून जावं म्हणून चर खणले. मग जिप्समची, म्हणजे चोपण सुटी करणाऱ्या खनिजाची, पोती आली. ती दोन एकरांत पसरायची, मातीत मिसळायची, वरून कालव्याचं गोडं पाणी भरायचं आणि ते मुरून चरातून वाहून जाईपर्यंत वाट बघायची. मग पुन्हा पाणी. पहिलं वर्ष यातच गेलं. येणारे-जाणारे बांधावर उभे राहून बघायचे. रिकाम्या शेताला पाणी पाजणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. चोपणीचे भाव महिन्याभरातच पुन्हा बसले, कारण धातू काढायला जमीन अशी धूत बसत नाहीत हे शेवटी लोकांच्याही ध्यानात आलं. शेठच्या बायकोने बोलणं सुरू केलं.

यजमान रविवारी यायचे. त्यांनी छोटं नांगरयंत्र चालवायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी चरात घातलं. तिथे त्यांच्या बाजूला ब्रेक नव्हता, अशी त्यांची तक्रार होती.

दुसऱ्या वर्षी हिरवळीचं खत म्हणून धैंचा पेरला. खारवट जमिनीत तग धरतो म्हणून. दहा ठिकाणी पेरला तर तीन ठिकाणी उगवला, तोही टक्कल पडलेल्या डोक्यावर चार केस राहावेत तसा. बाईंनी तो तसाच मातीत गाडला. आणि त्यानंतर महिन्याभराने एका सकाळी त्यांनी यजमानांना फोन केला. ते कुणाला तरी चौकात वळण शिकवत होते. आवाजावरून त्यांना वाटलं, की काहीतरी अपघात झाला.

"अहो, तण उगवलंय," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तण. आपलं आपण. मी काही पेरलं नव्हतं."

यजमानांनी गाडी बाजूला घ्यायला लावली आणि शिकाऊ बाईला सांगितलं, की आजचा तास इथेच संपला. दुपारी दोघं शेताच्या मधोमध उकिडवे बसून त्या तणाकडे बघत होते. चार पानं होती. आजूबाजूचे सगळे शेतकरी ज्याच्या नावाने बोटं मोडतात ते हे तण, पण बाईंनी ते उपटू दिलं नाही.

तिसऱ्या वर्षी त्यांनी अर्ध्या एकरात बीट आणि पालक लावला, दोन्ही खाऱ्या जमिनीला फारशी न घाबरणारी पिकं. पालक बरा आला. बीट आलं ते लिंबाएवढं, त्याहून मोठं व्हायला तयार नाही. बाईंनी ते टोपलीभर प्रयोगशाळेत नेऊन दिलं. तिथे आता एक तरतरीत मुलगी आली होती. तिने एक बीट चिरून चाखलं आणि विचारलं, की मावशी, तुम्ही आधीच मीठ घातलंय का?

त्याच हिवाळ्यात एका दुपारी कुणी अनोळखी माणूस बांधावर येऊन उभा राहिला. शहरी जोडे, हातात छत्री. बाई डोक्याला फडकं बांधून नव्या चराची आखणी करत होत्या. त्याने नमस्कार केला, इकडचं तिकडचं बोलला, पालकाची तारीफ केली आणि मग विचारलं, की हे शेत कितीला द्याल.

बाईंनी सांगितलं, की द्यायचं नाही. त्याने आकडा सांगितला. बाईंनी मान हलवली. त्याने वाढवून सांगितला.

"ते राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही मोकळे आहात ना? मग या दोरीचं टोक धरून तिकडे त्या खुंटीपाशी उभे राहा. सैल सोडू नका."

माणूस गोंधळला, पण त्याने छत्री बांधावर ठेवली आणि दोरी धरली. बाई फावडं घेऊन रेघ मारत निघाल्या. चर लांब होता. सूर्य कालव्यापलीकडे उतरला तरी तो माणूस जोडे चिखलात रुतवून दोरी ताणून उभा होता, आणि बाई लांबून ओरडून सांगत होत्या, "थोडं डावीकडे घ्या. अजून थोडं. हां, तिथेच."